रिकाम्या रकान्याचा अर्थ

वेबसाइटचा सांगाडा एकदाच बांधायचा आणि कोणते पान मागितले आहे हे पाहून त्यातला कोणता भाग दाखवायचा, कोणता झाकायचा, हे संगणकाला ठरवू द्यायचे, ही आज पुण्याजवळच्या हिंजवडीच्या संगणक कार्यालयांतली नेहमीची रीत आहे. वर्डप्रेससारख्या आशय-व्यवस्थापन प्रणालीत तिचे नियम ठरलेले आहेत. फेब्रुवारी २००५ मध्ये आलेल्या १.५ या आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्ये 'पान' हा स्वतंत्र प्रकार आणि बदलता येणारी 'थीम' या दोन्ही गोष्टी आल्या. तेव्हापासून टेम्पलेट निवडण्याची उतरंड रूढ झाली. आधी त्या विशिष्ट पानासाठी लिहिलेले टेम्पलेट शोधायचे, ते नसेल तर सर्व पानांसाठीचे, तेही नसेल तर शेवटी सगळ्यांना लागू पडणारे मूळ टेम्पलेट घ्यायचे. टेम्पलेटच्या आतही अटी घालता येतात: पान अमुक वर्गातले असेल तर हा रकाना दाखव, नाहीतर वगळ. ही कल्पना संगणकाबरोबर आली असे सहज वाटते. पण ज्या जमिनीवर हिंजवडीच्या या इमारती उभ्या आहेत, त्या जमिनीचे स्वतःचेही एक पान आहे, सातबारा, आणि तेही अटींवरच चालते. सातबाराचा इतिहास नीट पाहिला तर दिसते की अटीनुसार बदलणारे पान पुणे जिल्ह्याच्या महसुली दप्तरात फार आधी घडले. शिवाय त्या दप्तराने एक शिस्त पाळली, जी आजच्या टेम्पलेटांतून बहुतेक हरवली आहे. पान बदलले तर ते का बदलले, हे त्या पानावरच नोंदवायचे, अशी ती शिस्त आहे.

ही शिस्त कुणाच्या चांगुलपणातून आली नाही, ती एका मोठ्या अपयशातून आली. पेशवाई संपल्यावर, १८२० च्या दशकाच्या अखेरीस, आर. के. प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे भागाची मोजणी आणि आकारणी केली. तेव्हाच्या अर्थशास्त्राला धरून त्याने प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न आणि मशागतीचा खर्च काढला आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारचे, असा हिशेब बसवला. तत्त्व सुरेख होते. पण शेतकऱ्याच्या हाती पडायचा तो फक्त शेवटचा आकडा. तो कोणत्या मातीवरून, कोणत्या खर्चावरून, कोणत्या वजावटीतून आला हे ना रयतेला तपासता येई, ना वरच्या साहेबाला. खालच्या कारकुनांनी आत काय भरले याचा माग लागेना. आकारणी जड झाली, वसुली थकली, शेते ओस पडू लागली आणि काही वर्षांतच ही पद्धत सोडून द्यावी लागली. प्रिंगलच्या अपयशाची कारणे सांगताना इतिहासकार साधारणपणे जादा दर आणि भ्रष्ट कारकून यांच्यावर भर देतात आणि तो योग्यच आहे. मला त्यात आणखी एक कारण दिसते. त्याच्या कागदावर अटींचा परिणाम होता, अटी नव्हत्या. चूक झाली तरी ती नेमकी कुठे झाली हे दाखवायला पानावर जागाच नव्हती.

त्यानंतर १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरापासून जी मोजणी सुरू केली, तिचे मोठेपण याच ठिकाणी आहे. त्यांची पद्धत पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्की झाली. निव्वळ उत्पन्नाचा पंडिती हिशेब त्यांनी टाकून दिला. मातीचे तीन प्रकार, तिची हातांत मोजलेली खोली आणि त्यावरून नऊ प्रती असे कोष्टक त्यांनी घेतले. उत्तम काळी माती पावणेदोन हात खोल असेल तर सोळा आणे, मग माती जसजशी उथळ किंवा हलकी होत जाईल तसतसे आणे खाली. इथवर हे साधे कोष्टक आहे. खरी कल्पकता दोषांच्या खुणांत होती. शेताचा कच्चा आराखडा काढून त्याचे सारखे भाग पाडत. प्रत्येक भागात मातीचा प्रकार आणि खोली लिहीत. त्याखेरीज चुनखडी मिसळलेली, वाळू मिसळलेली, उताराची, पाणी न मुरणारी, पुराच्या पाण्याने धुपणारी, पाणी साचणारी अशा सात दोषांसाठी सात ठरावीक खुणा होत्या. जो दोष असेल त्याची खूण त्या चौकटीत काढायची, आणि एका खुणेमागे प्रत एक पायरी उतरवायची. आजच्या भाषेत ही सरळ अट झाली: उतार असेल तर एक पायरी कमी कर. पण अट लागू झाली की तिची खूण त्याच चौकटीत राहत असे. प्रत पाचवी आहे, ती माती उथळ म्हणून की उत्तम माती पाण्याने धुपते म्हणून, हे दुसरा मोजणीदार शेतात उभा राहून पडताळू शकत होता. ही आकारणी तीस वर्षांसाठी ठरवली जाई आणि एवढा काळ ती टिकण्यामागे दरांच्या सौम्यपणाइतकाच या खुणांचाही वाटा होता असे मला वाटते.

आकारणीनंतर हक्कांचा प्रश्न आला. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेत जमिनीचा सारा कोणाच्या नावे भरला जातो एवढे कळे. तिच्यावर आणखी कोणाचा काय हक्क आहे, हे कळत नसे. १९०३ मध्ये अधिकार अभिलेखाचा स्वतंत्र कायदा झाला आणि १९१३ मध्ये तो संहितेतच सामावला गेला. गावच्या दप्तराला आजचे रूप आले ते एफ. जी. एच. अँडरसन या अधिकाऱ्याच्या हातून. त्याच्या महसुली हिशेबांच्या नियमपुस्तिकेला महसूल खात्यात आजही 'अँडरसन मॅन्युअल' म्हणतात. गाव नमुना एकपासून एकवीसपर्यंतची मालिका तिथे आहे. वनजमिनींना एक-अ, अतिक्रमणांना एक-इ, बिनशेती महसुलाला दोन, फेरफारांना सहा, अधिकार अभिलेखाला सात, कुळवहिवाटीला सात-अ, खात्याला आठ-अ, पिकांना बारा. नमुने इतके वेगळे असले तरी रोजच्या वापरात सात आणि बारा एकाच कागदावर आले: वर जमीन कोणाची, खाली तिच्यात काय पिकते. सातबारा म्हणजे दोन नमुन्यांची जोडणी आहे आणि ती जोडणी फेरफाराच्या एका धाग्याने धरली जाते. नाव लागले, कमी झाले, बोजा चढला, उतरला, काहीही बदलले तरी त्या नोंदीशेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक येतो. तो क्रमांक घेऊन नमुना सहा उघडला की बदलाचे कारण, तारीख आणि मंजुरी सापडते. कमी झालेले नाव खोडून नाहीसे करत नसत, कंसात टाकत. म्हणजे पानावर जे लागू नाही तेही वाचता येई आणि ते लागू का नाही याचा पत्ता शेजारीच असे.

स्वातंत्र्यानंतर या पानावरच्या अटी वाढतच गेल्या. १९४८ चा कूळ कायदा आला. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कूळ जमिनीचा मालक झाला. मात्र अशी जमीन परवानगीशिवाय विकता येणार नाही, हे कलम ४३ चे बंधन तिच्या पानावर लिहिले गेले. इनाम आणि वतने खालसा होऊन परत दिलेल्या जमिनी नवीन व अविभाज्य शर्तीवर आल्या. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने भोगवटादाराचे वर्ग केले. वर्ग एकची जमीन मोकळी, वर्ग दोनची हस्तांतरणाच्या बंधनाखालची. दोन शेजारशेजारचे गट असतील, माती एक, पीक एक, तरी पाने वेगळी, कारण एकावर जुनी शर्त आणि दुसऱ्यावर नवी. खरेदीदार, वारस, बँक आणि न्यायालय या सगळ्यांना हा भेद त्या एका कागदावरच कळायचा असतो. तो कळतो, कारण अट लागू असेल तिथे नुसता वेगळा निकाल लिहीत नाहीत, कलमासकट अटच लिहितात. २०१४ मध्ये कलम ४३ सैल झाले. खरेदीला दहा वर्षे झालेली जमीन, आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून, परवानगीशिवाय विकण्याची वाट उघडली. तेव्हा कोणत्या पानांना ही सवलत लागू आहे हे ठरवता आले, ते पानावर कलम लिहिलेले होते म्हणूनच. कारण न लिहिता फक्त 'विकता येणार नाही' एवढेच लिहिले असते, तर इनामाची जमीन आणि कुळाची जमीन वेगळी काढायला पुन्हा सगळे दप्तर उपसावे लागले असते.

हिंजवडीत या पानाची मोठी कसोटी लागली. हे मुळशी तालुक्यातले गाव. मुळशी हा भाताचा आणि आंबेमोहोराच्या लौकिकाचा तालुका. इथे आधी सहकारी साखर कारखाना होणार होता आणि त्याऐवजी माहिती तंत्रज्ञानाचे उद्यान करायचे ठरले, हे शरद पवार यांनी जाहीर भाषणांत सांगितले आहे. कारखाना पुढे संत तुकारामांच्या नावाने कासारसाई-दारुंब्रे येथे उभा राहिला. हिंजवडी, माण, मारुंजी या गावांच्या परिसरात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने १९६१ च्या कायद्याखाली जमीन संपादन केली आणि राजीव गांधी इन्फोटेक पार्कचे टप्पे एकामागून एक वसले. संपादित गटाच्या पानावर शेतकऱ्याचे नाव कंसात गेले आणि महामंडळाचे नाव आले. महामंडळ भूखंड विकत नाही, दीर्घ मुदतीच्या, सहसा ९५ वर्षांच्या, भाडेपट्ट्याने देते. संपादनाबाहेर राहिलेल्या गटांत कुठे शेती चालू राहिली, कुठे बिनशेती परवानगी घेऊन गृहसंकुले आली. एकाच गावाच्या दप्तरात शेतीचे वर्ग एकचे पान, बंधनातले वर्ग दोनचे पान, महामंडळाचे पान आणि बिनशेतीचे पान अशा सगळ्या तऱ्हा शेजारी शेजारी आल्या आणि या सगळ्यांचा छापील नमुना एकच होता. काचेच्या इमारतीखालच्या जमिनीलाही नमुना बारा जोडलेला, हंगाम, पिकाचे नाव, जलसिंचनाचे साधन, सगळे रकाने तसेच, आणि सगळे रिकामे.

रिकामा रकाना ही लहान बाब नाही. नमुना बारामधला रिकामा रकाना तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगू शकतो. जमीन त्या वर्षी पड होती, किंवा पीक होते पण पाहणी झाली नाही, किंवा तिथे पिकाचा प्रश्नच उरलेला नाही. पहिल्या अर्थाने शेतकऱ्याची स्थिती कळते, दुसऱ्याने दप्तराची हयगय कळते, तिसऱ्याने जमिनीचे स्वरूप कळते. पीक कर्ज, विमा, नुकसानभरपाई यांची मदार पीकपाहणीवर असते, म्हणून या तीन अर्थांची गल्लत माणसाच्या पदरात पैशाची खोट घालते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी आपल्या मोबाइलवरून पीक नोंदवू लागला. त्यामागेही हीच निकड होती. हस्तलिखित पानावर अनुभवी तलाठी 'पड' असे लिहून हे टाळू शकत असे. छापील किंवा संगणकीय पानावर जे लिहिले नाही ते नुसते नाहीसे होते.

संगणकीकरणाच्या पहिल्या टप्प्यात नेमके हेच झाले. जमाबंदी आयुक्त कार्यालयाच्या नेतृत्वाखाली आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या तांत्रिक साहाय्याने राज्यातले अडीच कोटींच्या आसपास सातबारे संगणकावर आले. सुरुवातीचे काम म्हणजे कागदावरचे जसेच्या तसे टंकून घेणे. मग दिसू लागले की गटाचे एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळत नाही, इतर हक्कातला मजकूर भलत्याच रकान्यात गेला आहे, कंसातले नाव कंसाशिवाय आले आहे. हस्तलिखिताशी जुळवण्यासाठी एडिट आणि री-एडिट मॉड्यूल चालवावे लागले, गावोगाव चावडी वाचन झाले, विसंगती शोधणारे ओडीसी अहवाल काढून तलाठ्यांना त्या एकेक करून दूर कराव्या लागल्या. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला, तो या झाडलोटीच्या आधारावर. २०२० मध्ये नमुन्याचे रूपच बदलले, आणि माझ्या मते या पानाच्या आधुनिक इतिहासातली ती सर्वांत विचारपूर्वक पायरी आहे. शेतीच्या पानावर क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये, बिनशेतीच्या पानावर आर-चौरस मीटरमध्ये. लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा वेगळे दाखवून त्यांची बेरीज. कमी झालेल्या नावांना कंसाबरोबर आडवी रेघ. मंजूर न झालेला फेरफार असेल तर 'प्रलंबित' म्हणून त्याची नोंद. जुने फेरफार क्रमांक एकत्र आणि शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व तारीख ठळकपणे. बिनशेती जमिनीच्या पानावरून जुडी आणि विशेष आकारणी गेली, कूळ आणि खंड गेले, नमुना बाराही गेला. मात्र तो गुपचूप गेला नाही. क्षेत्र अकृषिक झाल्यामुळे नमुना बाराची आवश्यकता नाही, अशा अर्थाची सूचना त्या जागी छापली जाते. रिकाम्या रकान्याच्या तीन अर्थांपैकी तिसरा अर्थ त्या एका वाक्याने पानावर बोलता झाला.

आता आजच्या वेबसाइटच्या टेम्पलेटांकडे पाहावे. तिथे अट बहुधा मुकी असते. माहिती नसेल तर रकाना झाकायचा, वर्ग वेगळा असेल तर भाग वगळायचा, आणि वाचणाऱ्याला त्यातले काहीच कळू द्यायचे नाही. पान नीटनेटके दिसते हे खरे. पण शाळेच्या पानावर शुल्काचा तक्ता दिसत नसेल तर ती शाळा शुल्क घेत नाही, की कुणी ते भरलेच नाही, की या प्रकारच्या शाळेला तो तक्ता लागू नाही, हे वाचणाऱ्याने कसे ओळखायचे? टेम्पलेट लिहिणाऱ्याला यातला भेद ठाऊक असतो, कारण अट त्यानेच लिहिलेली असते. तो भेद फक्त प्रोग्रामच्या कोडमध्ये राहतो, पानावर येत नाही. प्रिंगलचा हिशेबही असाच आत राहिला होता.

यावर पहिला आक्षेप असा येईल की प्रत्येक वगळलेल्या गोष्टीचे कारण छापत गेले तर पान कारणांनीच भरून जाईल. हा आक्षेप खोटा नाही. सातबारा वाचायला अवघड आहे ही तक्रार जुनी आहे आणि तिच्यामागे अशी दाटीच आहे. पण सातबाराने सगळी कारणे पानावर मांडलेली नाहीत. त्याने फक्त क्रमांक दिला आणि कारण फेरफारात ठेवले. जिथे वगळल्याने अर्थाची गल्लत होईल तेवढ्याच ठिकाणी पूर्ण वाक्य दिले. कुठे क्रमांक पुरे आणि कुठे वाक्य हवे, हा निवाडा करणे हेच टेम्पलेट घडवणाऱ्याचे खरे काम आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बिनशेतीच्या पानावरून कुळाचा रकाना गेला, तर एखाद्याचा जुना दावाही नजरेआड होणार नाही का? हिंजवडीसारख्या गावात, जिथे एका पिढीत जमिनीची किंमत आणि मालकी दोन्ही उलटीपालटी झाली, तिथे ही भीती निराधार म्हणता येणार नाही. याला उत्तर आहे, पण ते अर्धेच. फेरफार नोंदवही कायम आहे, जुने उतारे काढून पाहता येतात, प्रलंबित फेरफार नव्या पानावर दिसतो. तरीही ज्याला फेरफार उघडता येतो त्यालाच हे उत्तर पुरते. नवे पान फक्त बारा वगळल्याचे सांगते, कूळ आणि खंड वगळल्याचे सांगत नाही. तिथेही एक ओळ हवी होती असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरा आक्षेप हस्तलिखिताच्या बाजूचा आहे. तलाठ्याच्या लेखणीला जे स्वातंत्र्य होते ते अटींच्या पानाने हिरावले, असे म्हणतात. विहिरीतला हिस्सा, वहिवाटीची वाट, भावाभावांतली समजूत, असे कितीतरी हक्क कोणत्याही ठरावीक रकान्यात बसत नाहीत. हे खरे आहे, आणि म्हणूनच 'इतर हक्क' हा रकाना नव्या नमुन्यातही मोकळा राहिला, ही फार महत्त्वाची गोष्ट आहे. अटींनी बांधलेल्या प्रत्येक पानावर एक जागा अशी लागते जिथे अट चालत नाही, जिथे माणूस आपल्या शब्दांत लिहू शकतो. त्या स्वातंत्र्याचा गैरवापरही झाला, अर्धवट आणि संदिग्ध नोंदींनी कित्येक कज्जे वाढवले. त्यावर उपाय फेरफार क्रमांकाची सक्ती हाच आहे, रकाना बंद करणे हा नाही.

आणखी एक पर्याय सुचवला जातो: अटी कशाला, प्रत्येक प्रकारासाठी सरळ वेगळा नमुनाच करावा. हा प्रयोगही आपल्याकडे झालेला आहे. नगर भूमापन झालेल्या भागात सातबाराऐवजी मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, चालते. पण कित्येक ठिकाणी मालमत्ता पत्रक तयार झाल्यावरही त्याच जमिनीचा सातबारा चालूच राहिला. दोन पाने, दोन कार्यालये, आणि एका पानावरचा बदल दुसऱ्यावर पोहोचेल याची खात्री नाही. एकाने एका कागदावर विकलेली जमीन दुसऱ्या कागदावर जुन्याच मालकाच्या नावे उभी राहिली आणि त्यातून फसवणुकीला वाव मिळाला. म्हणून नगर भूमापन झालेल्या भागातले सातबारे बंद करण्याचे धोरण राज्याला घ्यावे लागले. हिंजवडी आज ग्रामपंचायतीचे गाव आहे. ते महापालिकेत घेण्याची मागणी अधूनमधून जोर धरते, आणि पूर्वीच्या शेतांवर आता जी दाट वस्ती आहे तिला शहरी अभिलेख कधी ना कधी लागणारच आहे. ते होईल तेव्हा इथला एकेक सातबारा बंद होईल. बंद झालेल्या त्या प्रत्येक पानावर, ते कोणत्या आदेशाने बंद झाले आणि त्या जमिनीचा हक्क आता कोणत्या क्रमांकाच्या मालमत्ता पत्रकावर वाचायचा, या दोन गोष्टी छापलेल्या असल्या पाहिजेत. मालमत्ता पत्रकावरही तो जुना गट क्रमांक आणि शेवटचा फेरफार क्रमांक तितक्याच ठळकपणे यायला हवा.